वजन तेवढंच आहे

९ जानेवारी

तीर्थरूप दादास,
बारकीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतोस, त्यापेक्षा पत्रं बरी, हे वहिनीचं म्हणणं मला पटलं. टेलिफोनच्या खात्यात तिची आख्खी नोकरी लोकांना जोडून देण्यात गेली आणि आता तीच फोनला हात लावत नाही. बोलताना तिला दम लागतो असं तू लिहिलं आहेस. ते मात्र सोडून देऊ नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.

इकडची बातमी म्हणजे आमच्या डायलिसिस विभागात संगणक आलाय. बिलांसाठी एक होताच, हा वेगळा. आमच्याकडे येणारी माणसं आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेतात, हे वहिनीमुळे तुला सांगायला नको. त्यांतली बरीच हळूहळू खंगत जातात. जेवण जात नाही, आणि जे जातं त्यातलंही थोडं मशीन ओढून नेतं. कोण खंगतंय ते हुडकायचं काम माझं, आहारतज्ज्ञाचं. आजवर मी टेप घेऊन खाटेखाटेला फिरायचे, दंड मोजायचे, तोंडं बघायचे. शेवटच्या खाटेपाशी पोचेपर्यंत पहिल्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं असायचं. आता हा प्रोग्राम दर महिन्याला सगळ्यांचे रक्ताचे रिपोर्ट, वजन, वय असं सगळं एकत्र वाचतो आणि नावापुढे रंग लावतो. हिरवा, पिवळा, लाल. लाल नावांकडे आधी धावायचं.

पहिल्याच यादीत त्यानं एका गवंड्याला सगळ्यांच्या वर बसवलं. आडवातिडवा गडी, मान माझ्या मांडीएवढी. सिस्टर हसायला लागल्या. मी जाऊन बोलले तेव्हा कळलं, की त्याचे दात गेल्या वर्षी काढलेत, कवळी बसवलेली नाही, घरी कुणी नाही आणि चहात बिस्किट बुडवून दिवस ढकलणं चाललंय. मुळात मुखदुर्बळ माणूस, तोंड कायम मिटलेलं, म्हणून आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. आता कवळी करायला टाकली आहे.

वजनमापं तपासण्यात हयात घालवलेला तू पहिलं काय विचारणार ते मला माहीत आहे. नाही, या यंत्रावर शिक्का नाही.

वहिनीला माझा नमस्कार सांग आणि एक पापी दे, तुला लाज वाटली तर पत्रातून दिली म्हण. तुमचा लोभ पुरवून पुरवून वापरते आहे, संपायच्या आत आणखी पाठवा.

तुझी,
बारकी


२१ जानेवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या संगणकाची हकिकत वाचून तुझी वहिनी हसली. मी हसलो नाही. दुकानात नवा काटा आला की आम्ही आधी त्यावर आमच्याकडचं खात्रीचं वजन ठेवून बघायचो. काटा खरं बोलतो की नाही ते तिथंच कळायचं. म्हणून तुझ्या काट्यावर ठेवायला वहिनीचे रिपोर्ट पाठवतो आहे. चांगला पेशंट कसा असतो ते त्यालाही एकदा दिसू दे.

वजन वर्षभरात तसूभर हललेलं नाही. ज्या क्रिएटिनिनच्या नावानं आपण इतकी वर्षं बोटं मोडली, ते नऊवरून पाचावर उतरलं आहे. युरिया खाली, पोटॅशियम मापात. इथले डॉक्टर म्हणाले की सगळ्यांचे रिपोर्ट असे आले तर त्यांना दुपारी डुलकी काढता येईल.

यात माझाही हात आहे, सांगायला हरकत नाही. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आल्यापासून कारभार चोख आहे. भाजी चिरून पाण्यात ठेवायची, पाणी फेकायचं, उकळायची, पुन्हा पाणी फेकायचं. डाळ दोन चमचे, सपाट. अंडी, दूध, मासे बंद. मीठ माझ्या कपाटात कुलपात. वहिनी म्हणते, तुमच्या हातची भाजी खाताना मी भाजीच खाते आहे हे स्वतःला आठवण करून द्यावं लागतं. पण तक्रार नाही. पानात उरतं थोडं, पण ती मुळातच चिमणीच्या चोचीनं खाणारी.

दम लागतो ते डॉक्टरांना सांगितलं. वयाप्रमाणे चालायचं म्हणाले. वहिनीला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणून इथं थांबतो. माया आहेच, ती तोलून पाठवत नाही.

तुझा,
दादा

ता. क. बारके, मी बरी आहे. जिना तेवढा उंच झालाय. एकदा येऊन जा, ह्यांच्या हातचं जेवून तुझंही वजन स्थिर होईल. वहिनी.


२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
बारकीचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र आधी तू एकटा वाच. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

संगणकानं तिच्या नावापुढे लाल रंग लावला. आमच्या यादीत घातली तर ती वरून तिसरी येते. मला वाटलं मीच आकडे चुकले, म्हणून पुन्हा भरले. मग ज्या बाईंनी प्रोग्राम लिहिला त्यांना बोलावलं. त्यांनी शांतपणे एकेक रकाना दाखवला. माझा विश्वास बसेना, म्हणून तुझे कागद घेऊन आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी संगणकाकडे बघितलंही नाही. कागद चाळले आणि मला विचारलं, ही बाई अजून चालतेफिरते का.

नीट समजून घे. क्रिएटिनिन हे आपल्या स्नायूंमधून रक्तात येतं. मूत्रपिंडं बिघडत होती तेव्हा ते चढलं की आपण धसका घ्यायचो, ते बरोबरच होतं. पण माणूस डायलिसिसवर आल्यानंतर, मशीन तेच, वेळ तोच, आणि तरी ते महिन्यामागून महिने उतरत गेलं, तर ते जिथून येतं ते मांसच झडत असतं. तिचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, तेही घसरत चाललंय. दर महिन्याला एवढंसं, कुणाच्या डोळ्यांत येऊ नये इतकं. एकेक कागद पाहिला तर काही वाटत नाही. सगळे एकाखाली एक ठेवले की दिसतं, आणि ते करायला तिथं कुणाला उसंत नाही.

वजन तेवढंच आहे याचं कारण, जेवढं मांस गेलं तेवढं पाणी अंगात साठलं. म्हणून तो दम. तुझा काटा खोटं बोलला नाही, दादा. त्याला मांस आणि पाणी वेगळं कळत नाही, एवढंच.

तिच्या घोट्यावर बोट दाबून बघ, खळगा राहतो का. दंड बघ. आणि डाळ, अंडी, दूध बंद करायला कुणी सांगितलं होतं आणि कधी, ते मला लिही.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण तू माझं ऐकणार नाहीस. माया आहे, काळजी आहे, दोन्ही एकाच पाकिटात.

तुझी,
बारकी


११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

खळगा राहतो. बराच वेळ राहतो.

दंड मी बघितले नव्हते. ती हल्ली लांब बाह्यांचे कपडे घालते, थंडी वाजते म्हणून. काल बाही वर करायला सांगितली. तिनं आधी चेष्टेवारी नेलं, आता या वयात काय बघायचंय म्हणाली. मग केली वर. माझ्या अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या कडीत तो दंड मावला.

तू विचारलंस ते सांगतो. यादी जुन्या डॉक्टरांनी दिली होती, डायलिसिस सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मूत्रपिंडं टिकवायची तर डाळ, अंडी, दूध, मांस यांना हात लावायचा नाही म्हणाले होते. मी लावू दिला नाही. पुढे डायलिसिस सुरू झालं. यादी बदला असं मला कुणी सांगितलं नाही. असं मी परवापर्यंत ठामपणे म्हटलं असतं. आता म्हणवत नाही. तिथल्या सिस्टर मास्क लावून बोलतात. मशीनची घरघर चालू असते. मला काही समजत नाही, आणि दर वेळी ‘काय? काय?’ विचारायची लाज वाटते, म्हणून मी मान डोलावतो. तेव्हा कुणी सांगितलं असेल आणि मी मान डोलावली असेल.

म्हणजे डायलिसिस लागल्यापासून मी तिला मापात उपाशी ठेवलं. हो की नाही, एवढंच लिही. समजूत घालू नकोस.

दादा


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
नमस्कार, आणि एकदा घट्ट मिठी.

हो-नाहीत उत्तर येत नाही. यादी तेव्हा बरोबर होती. तू ती पाळलीस म्हणून तिचं डायलिसिस उशिरा लागलं. नंतर ती बदलायला हवी होती, उलटी करायला हवी होती, आणि ते बघणं तिथल्या कुणाचं तरी काम होतं. तिथं माझ्यासारखं माणूसच नेमलेलं नाही, हे तूच मला लिहिलं होतंस. तुझ्यावर घ्यायचंच असेल तर थोडं माझ्यावरही टाक. मीही तुझ्या भाजीला नाकं मुरडून गेले होते, डाळ-अंड्याचं विचारलं नाही.

आता कामाचं. डॉक्टरांना सांग की तिचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, पुन्हा ठरवा. ते काही किलोंनी खाली येईल, आलं की दचकू नकोस. अंडी रोज, पांढरं जास्त. मासे, कोंबडी, जे जाईल ते. डाळ दोन चमच्यांची वाटीभर होऊ दे. फॉस्फरस अडवणारी गोळी घासाबरोबर. दोनदा पोटभर नको, सहादा थोडं थोडं. आमच्याकडे मशीनवर असताना उकडलेलं अंडं देतात, तिथं देतात का विचार. वेगळा कागद जोडलाय, मोठ्या अक्षरांत. डॉक्टरांना काही बोलू नकोस, कागदच पुढे कर.

हे वेळेवर सापडलं असं मला वाटतं. गवंड्याची कवळी बसली, काल त्यानं सिस्टरना हसून दाखवलं. आणि त्याच्या नावाचा लाल रंग पिवळ्यावर आलाय. म्हणजे होतं असं.

तुझं जे काही देणं आहे ते रागासकट पाठव, मी ठेवून घेईन.

बारकी


१४ मार्च

चि. बारकीस,
वहिनीचे आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

हे औषधं आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते आहे. अक्षर सांभाळून घे, हाताला पेन जड लागतं.

तू सांगितलंस तसं चाललं आहे. सकाळी अंडं, अकराला काहीतरी, मग मासा, मग डाळ. मशीनवर खायला तिथं परवानगी नाही, रक्तदाब उतरतो म्हणतात, म्हणून घरी आल्यावर आणखी एक अंडं. हे इतक्या मायेनं करतात की बघवत नाही. मासा सोलून काटे काढतात, चष्मा लावून. मग समोर बसतात. हातात घड्याळ नसतं, पण असल्यासारखं वाटतं. जेवून झालं की उरलेलं वजनकाट्यावर ठेवतात. नुसता आकडा बघतात आणि त्यांचा चेहरा असा उतरतो की मला माझ्या आजारापेक्षा त्याचंच जास्त वाटतं.

बारके, मला खायचं असतं. हे कुणाला खरं वाटत नाही. पण घास तोंडात गेला की नाणं चोखल्यासारखं लागतं. गिळला तर गळ्याशी उभा राहतो. परवा अर्धं अंडं रुमालात गुंडाळून गॅलरीतल्या मांजराला घातलं. या वयात. मांजर मात्र गुबगुबीत झालंय, त्याचे रिपोर्ट पाठवू का?

एक मागते. या महिन्याचे कागद तुझ्याकडे येतील. त्यात काहीही असो, ह्यांना लिही की रंग पिवळा झाला. तुला हे खोटं बोलणं वाटत असेल तर सांगते, नोकरीत असताना लाइन मेलेली असायची आणि पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असायचा, तेव्हा मी म्हणायचे, जोडते आहे, धरून ठेवा. त्यात खोटं काही नव्हतं. तेवढा वेळ त्याला बरा जायचा.

ह्यांना दोन दिवस शांत झोप लागली तर मला पोटभर जेवल्यासारखं होईल.

तुझी,
वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनीस,
बारकीचा नमस्कार. तुला पत्रात प्रिय लिहायची सवय नाही, पण आज लिहिते.

हे मी शिवणवालीच्या हाती तुला पोचेल असं पाठवलं आहे. तुमच्या वरच्या मजल्यावरची ही बाई इकडे कापड घ्यायला आली होती, फार जीव आहे तिचा तुझ्यावर.

मी पिवळा लिहू शकत नाही. लिहिलं तर दादा थांबेल, त्याच्याबरोबर डॉक्टरही थांबतील, आणि मग तुझ्याकडे कुणी बघणार नाही. मागच्या वेळी सगळं हिरवं दिसत होतं म्हणूनच तर इथवर आलं. तुझ्या लाइनवरची माणसं तुला दिसत नव्हती. तू मला दिसतेस.

पण काट्याचं आणि समोर बसायचं मी बघते. आई गेल्यावर मी जेवण सोडलं होतं, तुला आठवत असेल. तू नवीनच आली होतीस. बाकी सगळे घास घेऊन माझ्यामागे धावत होते. तू ताट ठेवलंस, माझ्याकडे पाठ केलीस आणि मटार सोलत बसलीस. मी पहिला घास घेतला तो तुझ्या पाठीकडे बघत. दादाला मी हेच लिहिते आहे, की पाठ कर.

नाण्याची चव जाईल का, मला माहीत नाही. पथ्याचं मी सांगू शकते, चवीपुढे माझं शिक्षण थांबतं. थंड करून खाऊन बघ, लिंबू पिळून बघ. काय खावंसं वाटतं ते मला लिही. पथ्यात बसत नसलं तरी लिही.

मांजराला आशीर्वाद. तुला सगळंच.

बारकी


२ मे

चि. बारकीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे मला जेवणाच्या खोलीतून हद्दपार करण्यात आलं आहे. शिवणवाली दुपारी तिचं काम घेऊन खाली येते, वहिनीशेजारी बसून काजं-बटणं करते आणि दुनियेच्या कागाळ्या सांगते. मी जिन्यात बसतो. ऐकू तर काही येत नाही, पण दाराच्या फटीतून शिवणवालीची मान हलताना दिसते. वहिनी हसते आहे हे तिच्या पाठीवरून कळतं. स्वयंपाकघरातला काटा मी शिवणवालीला देऊन टाकला. ती त्यावर बटणं तोलते.

पाणी काढल्यावर कोरडं वजन पाच किलोंनी खाली आलं. तू सांगितलं होतंस तरी दचकलो. इतके दिवस मी पाच किलो पाण्याला बायको समजत होतो. पण दम कमी झाला आहे. मासा थंड करून, वर लिंबू, असा खाल्ला जातो. कधी आख्खा. गेल्या आठवड्यात तिनं स्वतः होऊन पाव मागितला. मी बेकरीपर्यंत जवळजवळ पळत गेलो, बेकरीवाल्याला वाटलं काही वाईट झालं.

नवे रिपोर्ट जोडले आहेत. तुझ्या यंत्राला माझा नमस्कार सांग. त्याच्यावर शिक्का मारायला मी तयार आहे.

इथला सगळा जिव्हाळा पाठवला तरी इथं पुरून उरतो, म्हणून मोकळ्या हातानं पाठवतो.

तुझा,
दादा


१० जून

तीर्थरूप दादास,
बारकीचा नमस्कार. वि. वि.

रंग अजून लालच आहे, पण अल्ब्युमिन थोडं चढलंय आणि ती आमच्या यादीत तिसरीवरून सातवी आली असती. पाव मागितला हे मी संगणकवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, यासाठी माझ्याकडे रकाना नाही. मला वाटलं गंमत करताहेत, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

इथलं फार चांगलं चाललेलं नाही. यंत्र शोधून देतं आणि आम्ही बघत राहतो. आधी मला लाल माणसं दिसत नव्हती, आता रोज सकाळी पडद्यावर ती पानभर दिसतात. मी एकटीच. एकीच्या घरात गॅस संपलेला, एकाला मुलगा विचारत नाही, एकाला तीच नाण्याची चव. मशीनवर अंडं द्यायचो तेही वरून बंद झालं, खर्चाच्या नावाखाली. मी जाऊन भांडले. साहेब म्हणाले, यादी तर तयार होते आहे ना.

गवंडी गेला. हृदय बंद पडलं, घरी, एकटा असताना. त्या महिन्यात तो पहिल्यांदाच हिरवा झाला होता. मी त्याला तसं सांगितलंही होतं आणि तो त्या कवळीतून हसला होता.

हे तुला कशाला लिहिते आहे कळत नाही. दुसऱ्या कुणाला लिहू. वहिनीला हे वाचून दाखवू नकोस, पावाचं तेवढं दाखव. तुझ्याकडचा धीर थोडा इकडे लावून दे.

बारकी


२६ जुलै

चि. बारकीस,

वहिनीला ताप आला. डायलिसिसची सुई टोचतात त्या हातातच जंतू झालेत, रक्तात पसरलेत असं म्हणतात. दवाखान्यात ठेवली आहे. आठवडा झाला, पोटात काही नाही. जे महिने लावून मिळवलं होतं ते या आठवड्यात गेलं. मी बघत बसलो आहे.

तुला रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

दादा


२० ऑगस्ट

तीर्थरूप दादास,
बारकीचा नमस्कार.

पोचले. रजा संपली होती तरी आणखी राहायला हवं होतं, हे स्टेशनवर उतरल्यापासून डोक्यात आहे.

तिथं तुझ्यासमोर बोलले नाही ते लिहिते. दुपारी तू औषधं आणायला जायचास तेव्हा मी चमचा घेऊन बसायचे. किती प्रथिनं, किती उष्मांक, सगळं मला तोंडपाठ. ती ओठ मिटून घ्यायची आणि मग माझ्या समाधानासाठी एकदा उघडायची. मी रोज इतक्या लोकांना सांगते, थोडं थोडं, सहादा. त्या चमच्यापुढे मला माझ्याच शब्दांची शरम वाटली.

नाकातून नळी घालायचं डॉक्टरांनी सुचवलं तेव्हा मी हो म्हणाले होते आणि तू माझ्याकडे बघत होतास, मी सांगेन ते करायला तयार. ती नको म्हणाली. तू बाहेर गेल्यावर मी पुन्हा मनधरणी केली, पुन्हा नको म्हणाली. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की नळीनं पोट भरेल, पण मला भूक लागली आहे असं मला तुमच्यापैकी कुणाला एकदा खरं सांगायचं होतं, आता ते जमायचं नाही. मग विचारलं, तू आज जेवलीस का. मी जेवले नव्हते. जेवले म्हणाले.

ती शुद्धीत आहे, तिला सगळं कळतं. म्हणून तिच्या नाहीवर मी आणखी जोर करणार नाही, तूही करू नकोस. हे तुला मी बहीण म्हणून लिहिते आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मला काहीच लिहिता येत नाही.

घरी आणलीस की कळव. तुझ्याकडची माया सगळी तिलाच दे, माझ्या वाट्याची नंतर घेईन.

बारकी


९ सप्टेंबर

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वहिनीला घरी आणून आता काही दिवस झाले. रिपोर्ट आले आहेत, पण पाठवत नाही.

परवा डायलिसिसला नेली तेव्हा डॉक्टर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मास्क काढला आणि सावकाश बोलले, मला सगळं ऐकू आलं. मशीनवर तिचा रक्तदाब टिकत नाही, अर्ध्यातच थांबवावं लागतं. पुढे आणायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा म्हणाले. न आणलं तर किती, ते मी विचारलं. दिवस, असं म्हणाले. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, आपण घरी राहू. मी तिच्या चपला खाटेखालून काढून पुढे ठेवल्या.

तेव्हा तू ये. येताना टेप, कागद काही नको. नुसती ये.

एक गोष्ट घडली ती सांगतो. माझी पॅंट सैल झाली म्हणून शिवणवालीकडे दिली होती. तिनं ती आत घेतली आणि वहिनीला जाऊन सांगितलं की किती घ्यावी लागली. वहिनीनं मला बोलावलं. काय खाल्लं विचारलं. मी काहीतरी सांगितलं. तिनं शिवणवालीला ताट वाढून आणायला लावलं, आणि मला सांगितलं की खुर्ची इथं, तिला दिसेल अशी लावा.

भात होता, डाळ होती, अंडं होतं. मी पहिला घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला. चव नव्हती आणि गिळता येत नव्हता. ती उशीवरून माझ्याकडे एकटक बघत होती. मी तिच्यापुढे असाच बसायचो. तिच्याकडे बघून मी हसलो आणि चावत राहिलो. ती म्हणाली, घाई नाही, पण संपवा. मी पाण्याबरोबर एकेक घास खाली ढकलला. मध्ये तिचा डोळा लागला. मला वाटलं आता उठावं, तर पुन्हा उघडला. मी ताट संपवलं. रिकामं ताट वर धरून तिला दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तिच्याकडून इतक्या महिन्यांत बघायला मिळालं नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी तसं बसतो. ती आता काहीच घेत नाही, पाण्यानं ओठ ओले करतो तेवढेच.

आता पत्र आवरतो. जेवणाची वेळ झाली. ती हाक मारत असावी, मला ऐकू येत नाही, पण दारातून तिचा हात हललेला दिसतो. जाऊन बसतो.

तुझा,
दादा